कुसाकाबाईंना दिलेला चहा

या, असे जवळ या. आणखी थोडं पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. मागे बसलं की शब्द पोचतात, पण त्यांची ऊब वाटेतच निवते. आज कपभर चहाची गोष्ट सांगायची आहे. देवाचं नाव घेऊन सांगायची, जशी घडली तशी सांगायची. गोड करून मात्र सांगता येणार नाही.

इसोबे हे समुद्राकाठचं लहानसं बंदर. तिथे फुमिनो ओरिता राहायची. नवरा ऐन चाळिशीत तापाने गेला, पदरात एकच मुलगा, तैसुके. फुमिनोने माशांच्या वड्यांच्या कारखान्यात काम करून त्याला वाढवलं. वडी लाटायची, समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळायची, वाफेला लावायची. तिच्या बोटांना तो वास इतका मुरला होता की आंघोळीनंतरही जात नसे. तैसुके मोठा झाला आणि गावच्या बसवर चालक लागला. बाजाराच्या थांब्यावर कुणी म्हातारी लंगडत येताना आरशात दिसली की हा गाडी धरून ठेवायचा. मागून कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "साहेब, आज ना उद्या आपलेही गुडघे दुखणारच आहेत, आत्ताच वशिला लावून ठेवू."

फुमिनोला नाद एकाच गोष्टीचा, देवळातल्या गायलेल्या प्रवचनांचा. शरद ऋतूत बाहेरगावचे प्रवचनकार येत, उंच आसनावर बसत, साधं बोलता बोलता अलगद सुरात शिरत, आणि सूर टिपेला पोचला की सगळं सभागृह एका आवाजात म्हणे, "नामु आमिदा बुत्सु," म्हणजे अमिताभ बुद्धाला शरण. बुद्धाची करुणा माणूस निवडत बसत नाही, हे पद आलं की फुमिनोचा रुमाल ओला व्हायचाच. तैसुके चिडवायचा, "आई, दर वर्षी तेच प्रवचन, दर वर्षी तेच रडणं. निदान रुमाल तरी नवा घे."

वसंतातल्या रथाच्या जत्रेच्या दिवशी, भर दुपारी, शोगो कुसाका नावाचा एक तरुण दारू पिऊन बसमध्ये चढला. शाळेच्या एका पोरीच्या शेजारी जाऊन तिला त्रास देऊ लागला. तैसुकेने गाडी बाजूला घेतली आणि त्याला उतरायला सांगितलं. शोगो उतरला, पण उतरताना त्याने तैसुकेच्या कॉलरला धरून त्यालाही खाली ओढलं आणि एक ठोसा मारला. एकच. तैसुके मागे कोसळला, डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. पुन्हा शुद्धीवर आला नाही.

पोलिसांनी फुमिनोला एक पुस्तिका दिली. वर जलरंगातलं फूल, आत तिचे हक्क. खटल्यात कठड्याच्या आत बसायचा हक्क, साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क, स्वतःचं मन कोर्टापुढे सांगायचा हक्क, नको असेल तर मधे पडदा लावून घ्यायचा हक्क. पुस्तिकेमागोमाग पीडितांच्या मदतकेंद्रातल्या नागासे-सान आल्या; तिकडे नावाला 'सान' लावलं की आपलं 'बाई' किंवा 'राव' होतं. पूर्वी शाळेत परिचारिका होत्या. बोलणं मऊ, हात उबदार. फुमिनोसाठी त्यांनी केंद्राकडून वकील मिळवून दिला, इस्पितळाच्या कागदांसाठी तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या, पहिल्या आठवड्यात तर तिला भातही भरवला.

फुमिनोची नणंद किकुए, नवऱ्याची थोरली बहीण, त्या दिवसांत घरी येऊन राहिली होती. जिभेची तिखट, मनाची खरी.

"ओरिता-सान," नागासे-सान एकदा म्हणाल्या, "त्या मुलाकडचं कुणी भेटायला येईल. वकील पाठवतातच. काही आणून देतील, माफी मागतील. तुम्हाला 'नको' म्हणायचा हक्क आहे. दार उघडू नका, आधी मला फोन करा."

"हक्क?" किकुए हसली. "आमच्या घरात 'नको' म्हणायचा हक्क आजवर फक्त मांजराला होता. आमच्या वहिनीबाई तर दारात चोर आला तरी चपला सरळ करून ठेवतील."

"वन्सं!"

"अगं, खोटं आहे का? विमेवाला आला होता, त्याला जेवू घातलंस. विमा घेतला नाहीस तो नाहीस, वर माशाच्या वड्या बांधून दिल्यास."

तिघीही हसल्या. तैसुके गेल्यावर त्या घरात तेवढंच एक हसू झालं असेल.

फुमिनोला कोर्टाकडून एकच गोष्ट हवी होती. फाशी नको होती, पैसा नको होता. ज्याने तैसुकेला मारलं तो तुरुंगात जावा, थोडी वर्षं का होईना पण जावा, एवढंच. "मारलं आणि घरी जाऊन जेवला, असं होऊ नये," ती नागासे-सानना म्हणाली. वकीलसाहेबांनी तिला सांगितलं होतं की सरकारी वकील पाच वर्षं मागणार आहेत, पण शिक्षा तीन वर्षांवर आली तर ती स्थगित ठेवता येते. मग तो मुलगा त्याच दारातून चालत बाहेर येईल. आणि शिक्षा खाली आणायची तर बचाववाले सर्वांत आधी एकच गोष्ट शोधतात: मेलेल्याच्या घरचं मन निवलं आहे का?

"माझं नाही निवलं," फुमिनो म्हणाली.

"मग काळजी नाही," वकीलसाहेब म्हणाले.

मग मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस आला, गेलेल्याला अखेरचा निरोप द्यायचा. भिक्खूंनी सूत्रं म्हटली, नातलग जेवले. रीतीप्रमाणे निघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक पिशवी द्यायची, आत चहापत्तीचा डबा आणि हातपुसणं. पिशव्या दाराशी मांडून किकुए बसली होती. नागासे-सान सकाळी धूप लावून गेल्या होत्या. दुपारी त्यांना दुसऱ्या एका घरी जायचं होतं.

पाहुणे पांगत असताना फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. काळा पोशाख, हातात जपमाळ, एका कापडात गुंडाळलेली धूपाची पेटी. आत येईना, जाईही ना. फुमिनो बाहेर आली तशी ती बाई तिथेच खडीवर गुडघे टेकून वाकली, कपाळ खडीला लागलं.

"मी शोगोची आई. कुसाका. आत यायची माझी लायकी नाही. इथूनच हात जोडून जाते. तेवढं जोडू द्या."

सांगा बरं, काय करायचं होतं तिने? पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं. फोन दिवाणखान्यात होता. पण आज मुलाचा दिवस होता, आणि मृताला वंदन करायला आलेलं माणूस फाटकावरून परत पाठवायचं, हे त्या गावात कुणी केलेलं नव्हतं. नातलग बघत होते. आणि ती बाई खडीवर होती. तिच्या कपाळाला खडे रुतत होते.

"उठा," फुमिनो म्हणाली. "आधी डोकं वर करा. आत या."

कुसाकाबाईंनी तैसुकेच्या फोटोपुढे धूप लावला. धूपाची कांडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. मग त्या रडू लागल्या, आवाज न करता, तोंडावर बाही दाबून. घरात रडत बसलेल्या माणसापुढे रिकामं बसून कसं राहायचं? फुमिनो उठली, चहा केला, पेला त्यांच्यापुढे ठेवला. बाईंना तो उचलता येईना, म्हणून दोन्ही हातांनी त्यांच्या हातांत दिला. निघताना किकुएने इतरांना दिली तशी पिशवी हातात दिली. तिला ही बाई कोण ते ठाऊकच नव्हतं. फुमिनो फाटकापर्यंत गेली, "जपा प्रकृतीला," म्हणाली, आणि पाहुणी वळणाआड होईपर्यंत वाकून उभी राहिली. दर पाहुण्यासाठी ती हेच करत आली होती.

"कोण होती गं?" किकुएने विचारलं.

फुमिनोने सांगितलं.

किकुए मटकन खाली बसली. "अगं बाई! आणि मी तिला पिशवी दिली?"

नागासे-सानना संध्याकाळी कळलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आज मी इथे असायला हवं होतं."

पाऊस संपून गवत वाळू लागल्यावर खटला उभा राहिला. समोर उंचावर तीन न्यायाधीश, त्यांच्या दोन्ही बाजूंना गावागावांतून निवडून बोलावलेली सहा साधी माणसं. कुणी भाजीवाला, कुणी शिक्षिका, एक मासेमाराची सून. शिक्षा ठरवायला तीही बसणार होती. फुमिनो कठड्याच्या आत, सरकारी वकिलाच्या मागे. पडदा तिने नाकारला. "तोंड लपवायचं काम माझं नाही," ती म्हणाली. नागासे-सान मागे बाकावर होत्या. कोर्टात गार वारा लागतो म्हणून त्यांनी फुमिनोच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं होतं.

शोगो समोर बसला होता. केस बारीक कापलेले, मान खाली. फुमिनोला वाटलं होतं राक्षस दिसेल. दिसला बारीक मानेचा एक मुलगा.

बचावाच्या वकिलाने कुसाकाबाईंना साक्षीला बोलावलं. त्यांनी एकोणपन्नासाव्या दिवसाचं सांगितलं. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. धूप लावू दिला. चहा दिला. हातात दिला. पिशवी दिली. फाटकापर्यंत आल्या. "जपा प्रकृतीला" म्हणाल्या. वळेपर्यंत वाकून उभ्या होत्या. भाजीवाल्याने मान हलवली. मासेमाराच्या सुनेने डोळे पुसले.

मधली सुट्टी झाली. वकीलसाहेब फुमिनोला म्हणाले, "साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एकच विचारा, मी तुमच्या मुलाला क्षमा केली असं म्हटलं होतं का? त्या 'नाही' म्हणतील. बस्स, तेवढंच पुरे."

"विचारीन," फुमिनो म्हणाली.

"हात धरू का मी?" नागासे-सान म्हणाल्या.

"आत्ता राहू द्या. नंतर धरा."

मुख्य न्यायाधीशांनी नाव घेतलं तशी ती उभी राहिली. पांघरूण खाली पडलं. साक्षीदाराच्या जागी कुसाकाबाई होत्या. फुमिनो आपल्याशी बोलणार हे कळताच त्या खोल वाकल्या. आणि फुमिनोही वाकली.

तिने ठरवून केलं नव्हतं हो! समोरचं माणूस वाकलं की कंबर आपोआप वाकते. जन्मापासून तेच अंगात भिनलेलं. कारखान्यात मुकादमासमोर, बसथांब्यावर शेजारणीसमोर, देवळात बुद्धासमोर. ती वर आली तेव्हा सहाही माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत आदर होता. तो आदर पाहून ती घाबरली.

"कुसाकाबाई," ती म्हणाली. "त्या दिवशी मी क्षमा केली असं म्हटलं होतं का?"

"नाही. तसं तुम्ही म्हटलं नाहीत."

वकीलसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. पण बाई थांबल्या नाहीत.

"पण तुम्ही चहा माझ्या हातात दिलात. शोगोने केलं त्यानंतर माझ्या हातात कुणी काही दिलं नव्हतं. दुकानदारसुद्धा फळीवर ठेवायचा. ओरिता-सान, त्या चहावर मी अजून जिवंत आहे."

आणि त्या तिथेच कोसळल्या. पहारेकऱ्याने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. भाजीवाला नाक शिंकरत होता. शोगोने पहिल्यांदा मान वर केली, आईकडे पाहिलं आणि हमसून हमसून रडला.

फुमिनो उभीच होती. तिला म्हणायचं होतं, थांबा, हे मोजू नका. पण मांडायचं कसं? तिला खरंच दया आली होती. त्या बाईच्या हातात पेला देताना तिचे स्वतःचे डोळे भरले होते. ते खोटं म्हणायचं? ते खोटं म्हटलं तर आयुष्यभर देवळात बसून ऐकलं ते सगळंच खोटं होत होतं.

नंतर तिला मन सांगायची संधी मिळाली, तीही हक्काने. तिने कागद आणला नव्हता.

"धूप माझ्या मुलासाठी होता," ती म्हणाली. "चहा दारात आलेल्या माणसासाठी होता. क्षमा ही तिसरी गोष्ट आहे. ती मी दिलेली नाही. ती माझ्याकडे नाहीच. ती तैसुकेची होती, आणि तो ती घेऊन गेला. तुम्ही मला वाकताना पाहिलंत. मी सगळ्यांनाच वाकते. कृपा करून माझं वाकणं त्या मुलाच्या पदरात टाकू नका. त्याने तुरुंगात जावं. एवढंच मागते. दुसरं काही मागत नाही."

बोलून झाल्यावर तिने उंचावरच्या नऊ जणांना वंदन केलं, आणि करता करताच तिच्या लक्षात आलं की हेही वाकणंच झालं.

निकाल लागायच्या दिवशी किकुएही आली होती. न्यायाधीशांनी संथ, सपाट आवाजात कारणं वाचली. ठोसा एकच होता. आरोपी तरुण, पूर्वीचा गुन्हा नाही, त्याचा पश्चात्ताप खरा. मृताच्या आईचं दुःख खोल आहे आणि कठोर शिक्षेची तिची इच्छा समजण्याजोगी आहे. तथापि तिने आरोपीच्या आईचं सांत्वन स्वीकारलं, मानवतेने वागवलं, ही बाबही हे कोर्ट विचारात घेतं. तीन वर्षांचा कारावास. अंमलबजावणी पाच वर्षं स्थगित.

देवळात सूर टिपेला गेला की सभागृह उत्तर देतं. इथे फक्त खुर्च्या सरकल्या.

"म्हणजे?" किकुएने नागासे-सानच्या बाहीला धरून विचारलं. "म्हणजे तो घरी जाणार?"

"हो."

"आमच्या फुमिनोच्या चहामुळे?"

"ताई, फक्त त्यामुळे नाही..."

"त्यामुळेही, असं म्हणा की."

नागासे-साननी फुमिनोचा हात धरला. फुमिनोने तो धरू दिला.

सरकारी वकिलाच्या खोलीत ती गेली. वरच्या कोर्टात जायचं, ती म्हणाली. तरुण वकील उठून उभा राहिला. अतिशय आदराने त्याने समजावलं की अपील करायचा हक्क सरकारला आहे, आरोपीला आहे. मृताच्या नातलगांना नाही. पुस्तिकेतही ते होतं, शेवटच्या पानावर. आणि सरकार अपील करणार नाही, कारण निकाल रीतीत बसतो. "तुमच्या भावना आम्ही जाणतो," तो म्हणाला, आणि खोल वाकला.

फुमिनो त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. मग नागासे-सान आणि किकुए तिला घरी घेऊन गेल्या.

शोगो कुसाका घरी गेला. शेजारच्या गावात एका गॅरेजमध्ये कामाला लागला. किकुएने बाजारात त्याला शेवया खाताना पाहिलं. घरी येऊन तिने सांगितलं नाही, पण तिचं तोंड पाहून फुमिनोला कळलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दोघं आले, आई आणि मुलगा. फाटक सताड उघडं होतं, पाहुणे येत होते. ते दोघं अंगणातून घराच्या पातळ कागद लावलेल्या सरकत्या दारापर्यंत आले आणि थांबले. मुलाच्या हातात धूपाची पेटी होती.

"ओरिता-सान," कुसाकाबाईंनी हाक मारली. "या वेळी शोगोला घेऊन आले आहे. त्याला हात जोडू द्या."

फुमिनो आतून आली आणि तिने दार सरकवून बंद केलं. कडीही घातली.

"फुमिनो, अगं, उघड," किकुए हलक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत. आज तरी नको असं करू."

"नको," फुमिनो म्हणाली. कुणाला म्हणाली ते नक्की कळलं नाही, नणंदेला की बाहेरच्यांना. आयुष्यात तो शब्द तिने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटला होता.

बाहेरचे दोघं बराच वेळ उभे होते. दाराच्या कागदावर त्यांच्या सावल्या पडल्या होत्या, एक उंच, एक वाकलेली. आत तैसुकेच्या फोटोपुढे बसलेल्या नातलगांनी माना खाली घातल्या. एका मावशीने जपमाळ थांबवली. मग सावल्या सरकल्या, कागद पुन्हा पांढरा झाला.

फुमिनो दाराला पाठ लावून खाली बसली. तिने 'नको' म्हटलं होतं. नागासे-सान म्हणाल्या होत्या तो हक्क तिने शेवटी वापरला. त्याने काही परत आलं नाही. जो निकाल लागायचा तो लागून गेला होता, आणि दुपारपर्यंत गावात झालंही होतं की कोर्टात ती फार दयाळू बाई दिसली, घरी मात्र मायलेकांना दारातून घालवलं. दोन्ही वेळा ती तीच होती, हे सांगायला ती कुणाकडे गेली नाही. संध्याकाळी समोरच्या घरची शेजारीण अंगण झाडत होती. फुमिनो दिसताच तिने तोंड फिरवलं आणि झाडत राहिली.

श्रोतेहो, तैसुकेचं नाव घ्यायला त्याची आई आहे. ती रोज घेते, सकाळी आणि दिवेलागणीला. आई गेल्यावर तिचं नाव घ्यायला मात्र मागे कुणी उरणार नाही. म्हणून एवढी विनंती आहे. तुमच्या घरी दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी एक परकं नाव घ्या. फुमिनो ओरिता. तेवढी आठवण ठेवा.